विश्लेषण : पराभूत उमेदवाराचा ‘विजय’, जिवंत नेत्याला श्रद्धांजली… गाजलेल्या मथळ्यांचे पुढे काय झाले?

वर्तमानपत्राचे आयुष्य एका दिवसाचे. दुसऱ्या दिवशी त्यात भेळ बांधली जाते किंवा ते रद्दीच्या गठ्ठ्यात जाते. काही मथळे मात्र रद्दीत जायला तयार नसतात. पाऊणशे, शंभर, सव्वाशे वर्षांनंतरही ते लोकांच्या लक्षात राहतात. कधी चुकीचे होते म्हणून, कधी नको तेवढे नेमके होते म्हणून. आज ते वाचताना हसू येते. मात्र त्यांपैकी एकाने कायदे बदलायला हातभार लावला, एकाने अध्यक्षाच्या मतांवर पाणी फिरवले आणि एकाची दुरुस्ती यायला तब्बल ४९ वर्षे लागली. या मथळ्यांमागे नेमके काय घडले होते आणि त्यांची किंमत कोणी मोजली?

हरलेला उमेदवार पहिल्या पानावर कसा जिंकला?

जगातील सर्वांत प्रसिद्ध चुकीचा मथळा कोणता, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक पत्रकार एकच देतील. २ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिकेत अध्यक्षपदासाठी मतदान झाले. डेमोक्रॅटिक पक्षाचे हॅरी ट्रुमन अध्यक्ष होते आणि त्यांच्यासमोर रिपब्लिकन पक्षाचे थॉमस ड्युई उभे होते. डेमोक्रॅटिक पक्षात फूट पडलेली, महागाईने लोक वैतागलेले. त्यामुळे ट्रुमन घरी जाणार, यावर जवळपास सगळ्या जाणकारांचे एकमत होते.

३ नोव्हेंबरच्या ‘शिकागो डेली ट्रिब्यून’च्या पहिल्या पानावर भल्यामोठ्या अक्षरांत मथळा झळकला : ‘ड्युई डिफीट्स ट्रुमन’. म्हणजे ड्युई जिंकले, ट्रुमन हरले. या अंकाच्या सुमारे दीड लाख प्रती छापल्या गेल्या. प्रत्यक्षात निकाल लागला तेव्हा ट्रुमन यांना ३०३ आणि ड्युई यांना १८९ प्रातिनिधिक मते मिळाली होती. ‘ट्रिब्यून’ हे रिपब्लिकनांकडे झुकलेले दैनिक होते आणि त्याने पूर्वी ट्रुमन यांची संभावना ‘मूर्ख’ अशा अर्थाच्या शेलक्या शब्दाने केली होती. त्यामुळे या फजितीला आणखी रंग चढला.

चूक फक्त घाईची होती का?

घाई होतीच; पण घाईमागे छापखान्याची अडचण होती. ‘ट्रिब्यून’चे जुळारी, म्हणजे मजकुराची अक्षरजुळणी करणारे कामगार, संपावर होते. त्यामुळे मजकूर टंकलेखन यंत्रावर टंकायचा, त्याचे छायाचित्र घ्यायचे आणि त्यावरून छपाईचे ठसे बनवायचे, असा द्राविडी प्राणायाम सुरू होता. याला वेळ लागत असल्याने अंक नेहमीपेक्षा काही तास आधी छपाईला सोडावा लागे. त्या रात्री पहिल्या आवृत्तीची वेळ झाली तेव्हा मतमोजणीचे चित्र स्पष्टच नव्हते. तरी मथळा तर द्यायलाच हवा होता.

मग भिस्त राहिली ती वॉशिंग्टनचे ज्येष्ठ प्रतिनिधी आर्थर सिअर्स हेनिंग यांच्या अंदाजावर. आधीच्या २० वर्षांतील पाच अध्यक्षीय निवडणुकांपैकी चार वेळा त्यांचे भाकीत खरे ठरले होते. जनमत चाचण्याही तेच सांगत होत्या. मात्र चाचण्या घेणाऱ्या संस्थांना ड्युईंच्या विजयाची इतकी खात्री होती, की मतदानाच्या बरेच आधी त्यांनी पाहणी थांबवली होती. शेवटच्या दिवसांत ज्यांचे मन बदलले, त्यांना कोणी विचारलेच नाही.

दोन दिवसांनी, ४ नोव्हेंबरला, ट्रुमन रेल्वेने वॉशिंग्टनला परतत असताना सेंट लुईस स्थानकावर कोणीतरी हा अंक त्यांच्या हाती दिला. ट्रुमन यांनी तो दोन्ही हातांनी उंच धरला आणि मनमुराद हसले. तो क्षण टिपणारी छायाचित्रे आजही पत्रकारितेच्या वर्गांत दाखवली जातात. नुकसान म्हणाल तर फार झाले नाही. ट्रुमन यांना त्यांच्या विजयाची याहून चांगली जाहिरात मिळाली नसती. चाचण्या मात्र बदलल्या. अमेरिकेतील सामाजिक शास्त्रांच्या परिषदेने या अपयशाची चौकशी केली. अमुक इतके पुरुष, अमुक इतक्या स्त्रिया अशी कोट्याने माणसे निवडण्याची पद्धत मागे पडून शास्त्रशुद्ध यादृच्छिक निवडीकडे कल वाढला. आज मतदानोत्तर चाचण्यांवर जी चर्चा रंगते, तिच्या मुळाशी ही फजितीही आहे.

रॉकेटची थट्टा करणाऱ्या दैनिकाने माफी कधी मागितली?

दुसरा किस्सा विज्ञानाचा. रॉबर्ट गोडार्ड हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ. रॉकेट वातावरणाच्या पलीकडे, अगदी चंद्रापर्यंतही जाऊ शकेल, असे त्यांनी मांडले होते. १३ जानेवारी १९२० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संपादकीय पानावर त्यांची खिल्ली उडवणारे टिपण आले. त्याचे शीर्षक होते ‘अ सिव्हिअर स्ट्रेन ऑन क्रेड्युलिटी’, म्हणजे विश्वासाला भलताच ताण. निर्वात पोकळीत ढकलायला काहीच नसते, मग रॉकेट पुढे जाणार कसे, असा त्यातला सवाल होता. शाळेत रोज शिकवले जाणारे विज्ञानही या प्राध्यापकाला ठाऊक नाही, असा टोमणाही मारला होता.

खरे तर चूक संपादकांचीच होती. रॉकेट हवेला ढकलून पुढे जात नाही. ते वायू वेगाने मागे फेकते आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून स्वतः पुढे सरकते. हा न्यूटनचा तिसरा नियम आहे आणि तो शाळेतच शिकवतात.

गोडार्ड यांनी १९२६मध्ये द्रव इंधनावरचे जगातील पहिले रॉकेट उडवले. ते जेमतेम अडीच सेकंद हवेत होते. १७ जुलै १९२९ रोजी त्यांनी आणखी एक रॉकेट सोडले. आवाज एवढा मोठा झाला, की विमान कोसळले असे समजून लोकांनी पोलिसांना कळवले. स्थानिक वर्तमानपत्राने मथळा दिला, तो असा : चंद्राकडे निघालेल्या रॉकेटचा नेम २,३८,७९९ आणि अर्ध्या मैलाने चुकला! तो अर्धा मैल कोणा उपसंपादकाने मोजला, हे त्यालाच ठाऊक.

या गाजावाजाचे दोन परिणाम झाले. अग्निसुरक्षा खात्याने गोडार्ड यांना मॅसॅच्युसेट्समध्ये चाचण्या घेण्यास मनाई केली. पण काही महिन्यांतच अटलांटिक एकट्याने ओलांडणारे वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग त्यांना येऊन भेटले. लिंडबर्ग यांच्या शब्दाने गुगेनहाइम कुटुंबाकडून पैसा मिळाला आणि गोडार्ड न्यू मेक्सिकोतील रॉसवेलच्या मोकळ्या माळावर निवांत काम करू लागले. प्रसिद्धीचा मात्र त्यांनी कायमचा धसका घेतला.

१६ जुलै १९६९ला ‘अपोलो ११’ चंद्राकडे झेपावले. दुसऱ्याच दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छोटासा खुलासा छापला. न्यूटनच्या निष्कर्षांना आता पुष्टी मिळाली असून रॉकेट निर्वात पोकळीतही चालते हे निश्चित झाले आहे, चुकीबद्दल ‘टाइम्स’ दिलगीर आहे, असा त्याचा आशय होता. खुलाशाची तारीख होती १७ जुलै. ‘नेम चुकला’ म्हणून गोडार्ड यांची टर उडवली गेली, त्या उड्डाणाला त्या दिवशी बरोबर ४० वर्षे झाली होती. गोडार्ड मात्र १९४५मध्येच गेले होते.

जिवंतपणी श्रद्धांजली कोणाकोणाला मिळाली?

मृत्यूची चुकीची बातमी हा वृत्तव्यवसायातला जुना धोका. १८९७मध्ये अमेरिकी लेखक मार्क ट्वेन लंडनमध्ये असताना ते मरणासन्न असल्याची आवई उठली. आजारी होते ते प्रत्यक्षात त्यांचे एक नातलग. ‘न्यूयॉर्क जर्नल’च्या प्रतिनिधीने चौकशी केली तेव्हा ट्वेन यांनी आपल्या मृत्यूची बातमी ही अतिशयोक्ती असल्याचे कळवले. त्या एका वाक्याने चुकीच्या बातमीपेक्षा अधिक कीर्ती मिळवली.

भारतातील असा सर्वांत मोठा प्रसंग वर्तमानपत्रात नव्हे, थेट संसदेत घडला. मार्च १९७९मध्ये लोकनायक जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात उपचार घेत होते. त्यांचे निधन झाल्याचे पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत जाहीर केले. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली आणि कामकाज तहकूब झाले. आकाशवाणीवरून बातमी देशभर पोहोचली. आणि मग कळले, की जेपी हयात आहेत. ज्यांच्या आंदोलनातून हे सरकार सत्तेवर आले होते, त्यांनाच सरकारने जिवंतपणी निरोप दिला होता. जेपींचे निधन झाले ते त्यानंतर सहा महिन्यांहून अधिक काळाने, ८ ऑक्टोबर १९७९ रोजी.

या प्रसंगावर पुढे अनेकांनी विनोद केले. पण रुग्णालयातून खात्री करण्यासाठी एक दूरध्वनी पुरेसा होता, हे त्यातले गंभीर सत्य. माहिती खूप मोठ्या खुर्चीवरून आली, की ती तपासण्याचे धाडस कमी होते.

न बोललेल्या शब्दांनी निवडणूक हरता येते का?

१९७५मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होते. शहराला वाचवण्यासाठी केंद्राचा पैसा देणाऱ्या कोणत्याही विधेयकावर आपण नकाराधिकार वापरू, असे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी २९ ऑक्टोबरला भाषणात सांगितले. दुसऱ्या दिवशी ‘डेली न्यूज’चा मथळा होता : ‘फोर्ड टु सिटी : ड्रॉप डेड’. मराठीत सांगायचे तर, ‘फोर्ड शहराला म्हणाले, मरा!’

फोर्ड असे म्हणाले नव्हते. भाषणात ते दोन शब्द कुठेही नव्हते. भाषणाचा सूर मात्र वाचकांना त्या दोन शब्दांत पुरेपूर पोहोचला. पुढे अवघ्या दोन महिन्यांच्या आत फोर्ड यांनीच शहराला कर्ज देणाऱ्या कायद्यावर सही केली. पण त्या कायद्याचा मथळा कोणाला आठवतो?

१९७६च्या निवडणुकीत जिमी कार्टर यांना २९७ आणि फोर्ड यांना २४० प्रातिनिधिक मते मिळाली. न्यूयॉर्क राज्याची ४१ मते कार्टर यांच्या पारड्यात गेली होती. हा आकडा फोर्ड यांच्याकडे वळवून पाहिला, तर २८१ विरुद्ध २५६ असा निकाल उलटा लागतो. एका मथळ्याने अध्यक्ष पाडला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र या मथळ्याने आपले नुकसान केले, असे खुद्द फोर्ड यांचेही मत होते.

ज्या मथळ्यावर हसू येत नाही, तो कोणता?

१४ एप्रिल १९१२च्या रात्री ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळली आणि १५च्या पहाटे बुडाली. १५ तारखेच्या न्यूयॉर्कच्या ‘इव्हिनिंग सन’ने मथळा दिला : टक्करीनंतर ‘टायटॅनिक’वरील सर्व जण सुखरूप. प्रत्यक्षात सुमारे १,५०० जण मृत्युमुखी पडले होते.

हे घडले कसे? त्या काळी बिनतारी संदेशयंत्रे नवी होती आणि हौशी मंडळीही त्याच लहरींवर बोलत असत. ‘टायटॅनिकचे सर्व प्रवासी सुखरूप आहेत का?’ हा प्रश्न आणि दुसऱ्याच एका जहाजाला ओढून नेले जात असल्याचा संदेश यांची सरमिसळ झाली, असे मानले जाते. प्रश्नचिन्ह वाटेत गळाले आणि प्रश्नाची बातमी झाली. जहाज कंपनीही सुरुवातीला धीर देतच होती.

त्याच रात्री ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे व्यवस्थापकीय संपादक कार व्हॅन अँडा यांनी वेगळा विचार केला. जहाजाचे संदेश मध्यरात्रीनंतर अचानक थांबले होते. एवढे मोठे जहाज गप्प का झाले? त्यांनी शांततेचा अर्थ लावला आणि जहाज बुडत असल्याचा मथळा दिला. माहिती सगळ्यांकडे जवळपास सारखीच होती. फरक होता तो न आलेल्या संदेशाकडे लक्ष देण्याचा.

परिणाम कायद्यापर्यंत गेला. त्याच वर्षी अमेरिकेने रेडिओ कायदा केला आणि हौशी प्रक्षेपण करणाऱ्यांनाही परवाना सक्तीचा झाला.

टिळकांना तुरुंगात नेले ते कोणत्या मथळ्याने?

मराठी वाचकाला पाठ असलेला मथळा म्हणजे ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ पुण्यात प्लेगच्या साथीत गोऱ्या सोजिरांकडून घरांच्या झडत्या घेतल्या जात होत्या. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर पुण्यावर सुरू झालेल्या दडपशाहीवर ‘केसरी’ने ६ जुलैला हा अग्रलेख लिहिला. महिनाअखेरीस लोकमान्य टिळकांना अटक झाली. त्यामुळे या मथळ्यानेच टिळकांना तुरुंगात पाठवले, असा समज आजही आहे.

खटला मात्र या अग्रलेखावर नव्हताच. तो होता १५ जूनच्या अंकातील मजकुरावर. त्यात शिवाजी उत्सवाचे वृत्त आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता होती. म्हणजे सरकारचे डोके ठिकाणावर आहे का, या थेट प्रश्नावर सरकारने खटला भरला नाही. रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या जाण्याच्या आठवडाभर आधी छापलेल्या मजकुरात मात्र त्याला राजद्रोह दिसला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कायद्यातील ‘अप्रीती’ या शब्दाचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा लावला. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा! टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि पुढच्याच वर्षी राजद्रोहाचे कलम आणखी व्यापक करण्यात आले.

१९०८मध्ये हाच उलटा हिशेब पुन्हा दिसला. या वेळी खटल्यात होते ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख. शीर्षके पाहिली तर एखाद्या घरबांधणीच्या निविदेवरही शोभतील इतकी सौम्य. शिक्षा मात्र सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची झाली आणि टिळकांची रवानगी मंडालेला झाली. निषेधार्थ मुंबईतील गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. मथळ्याचा आवाज किती मोठा, यावर त्याचा परिणाम ठरत नाही. तो वाचणाऱ्या सत्तेचा मूड कसा आहे, यावर ठरतो.

मोबाइलच्या पडद्यावर काय बदलले?

छापील मथळ्याखाली निदान बातमी असायची. मोबाइलवर सूचना येते, बोटाने बाजूला सारली जाते आणि मथळा हीच बातमी ठरते. ‘टायटॅनिक’च्या वेळी गळून पडलेले प्रश्नचिन्ह आजही फॉरवर्ड होताना गळते. ‘शक्यता’ होती तिथे ‘निश्चित’ येते. फोर्ड यांच्याप्रमाणे न उच्चारलेले शब्द अवतरण चिन्हांत जाऊन बसतात. आणि व्हॉट्सॲपवर दरवर्षी कोणा ना कोणा ज्येष्ठ कलावंताला जिवंतपणी श्रद्धांजली मिळतेच.

म्हणून काही साध्या सवयी उपयोगी पडतात. मथळा भडक असेल तर खालचा मजकूर उघडून तेच वाक्य तिथे आहे का ते पाहणे. तारीख तपासणे, कारण जुनी बातमी नवी म्हणून फिरते. निधनाची बातमी असेल तर कुटुंब, रुग्णालय किंवा दोन स्वतंत्र माध्यमांनी दुजोरा दिला आहे का, हे बघणे. आणि पुढे पाठवलेली बातमी चुकीची निघाली, तर त्याच गटात तसे सांगणे. हे शेवटचे काम सर्वांत कमी लोक करतात.

आणखी एक फरक आहे. ‘ट्रिब्यून’च्या दीड लाख प्रती परत बोलावून शाई पुसता आली नाही. आज संकेतस्थळावरचा मथळा पाच मिनिटांत गुपचूप बदलता येतो. चूक सुधारली जाते, पण चूक झाली होती हे वाचकाला कळत नाही. बदल केला असेल तर बातमीखाली तशी स्पष्ट नोंद हवी, हा आग्रह त्यासाठीच.

‘ट्रिब्यून’लाही पुढे आपल्या चुकीवर हसता येऊ लागले. त्या निवडणुकीला २५ वर्षे होतील तेव्हा त्या प्रसिद्ध पहिल्या पानाची प्रतिकृती असलेला स्मृतिफलक ट्रुमन यांना भेट द्यायचे दैनिकाने ठरवले होते. २६ डिसेंबर १९७२ रोजी, म्हणजे मुहूर्ताच्या जेमतेम वर्षभर आधी, ट्रुमन यांचे निधन झाले. गोडार्ड यांच्या वाट्याला खुलासा आला नाही आणि ट्रुमन यांच्या वाट्याला फलक. दिलगिरी छापायची असेल, तर ती दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापलेली बरी.